आणीबाणीनंतरची पन्नास वर्षं: आपण कुणाला जाब विचारतो?

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा स्वातंत्र्याला धोका कुणापासून, हे कुणाला सांगावं लागलं नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली, विरोधक ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात गेले. त्याच वर्षाअखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. त्यांच्या उपस्थितीत अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, ही सरकारची बाजू १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. विरोधात उभे राहिले ते एकटे न्यायमूर्ती खन्ना. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार घालवलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

सरकारी सत्तेचा दुसरा जाच रोजचा होता. आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, कारण किती स्कूटर बनवायच्या हे परवान्यावर ठरे. टेलिफोनचीही तीच गत. म्हणून १९९१ नंतर खुली झालेली बाजारपेठ मध्यमवर्गाला स्वातंत्र्यच वाटली. ते वाटणं खोटं नव्हतं. पण सरकारवर ठेवलेली नजर आपण खासगी सत्तेवर कधी ठेवलीच नाही.

आज कापडाच्या दुकानात बिलाआधी मोबाइल नंबर मागतात आणि आपण तो देतो. सोसायटीच्या फाटकावर घरकामाला येणाऱ्या बाईचा फोटो, येण्याजाण्याची वेळ ॲपमध्ये नोंदली जाते. तिला कुणी विचारत नाही. हेच सरकारने केलं असतं, तर आपण मोर्चा काढला असता.

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९७६ चा निकाल पुसला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते; तो पुसणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय. खासगीपणाला धोका कंपन्यांकडूनही आहे, हे याच निकालाने बजावलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आणि माहिती अधिकाराचं एक कलमही आवळलं.

सरकार आणि कंपनी, दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: माझी माहिती कशासाठी हवी आणि नकार दिला तर काय? पुढच्या वेळी काउंटरवर नंबर मागितला, तर हे जरूर विचारा.