जहाज येण्याआधीचा मामा

मी मूळचा तेरचा, धाराशिव जिल्ह्यातला. नोकरी न्हावा-शेवा बंदरात, एका शिपिंग एजंटकडे. गावी गेलो की पारावर कुणी ना कुणी विचारतंच, ‘जहाज आल्यावर तू नेमकं करतोस काय?’ खरं तर जहाज येतं तोवर माझं निम्मं काम उरकलेलं असतं.

जहाजाचा मालक ग्रीसचा, कप्तान तिसऱ्याच देशाचा, माल आणखी कुणाचा. इथल्या बंदरात त्यांचं ओळखीचं कुणी नाही, म्हणून ते एजंट नेमतात. वऱ्हाड उतरण्याआधी मुलीच्या मामाला जशी सगळी तजवीज बघावी लागते, तसंच हे. पहिली गोष्ट पैशांची. बंदराचं शुल्क, जहाजाला वाट दाखवणारा पायलट, ओढणाऱ्या टगबोटी, धक्क्याचं भाडं, दीपगृहांचा कर असा अंदाजी हिशेब आधी पाठवायचा आणि रक्कम आगाऊ मागवायची. जहाज एकदा समुद्रात गेलं की वसुलीला कुणाच्या दारात उभं राहणार?

मग कागद. हल्ली बरंचसं ऑनलाइन असतं. जहाजाच्या त्या फेरीचा क्रमांक बंदराकडून घ्यावा लागतो. जहाजावर कोण कोण आहे, आधीची दहा बंदरं कोणती, ही सुरक्षेची माहिती ९६ तास आधी द्यायची. मालाची यादी कस्टमकडे आगाऊ भरायची. १९६२च्या कस्टम कायद्याप्रमाणे काही अपवाद सोडले, तर ‘एंट्री इनवर्ड’ मिळाल्याशिवाय आयातीचा माल उतरवता येत नाही. यादीत एखादा आकडा चुकला तर दुरुस्तीचा अर्ज, आणि तोवर मालवाले फोनवर फोन करतात.

आरोग्य खात्याची परवानगी वेगळी. परदेशातून आलेलं जहाज पिवळा झेंडा लावतं. तो बघून नवखा माणूस दचकतो, त्याला वाटतं आत साथ पसरलीय. अर्थ बरोबर उलटा आहे: आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आत येऊ द्या.

धक्क्याला लागल्यावर गँगवे चढून कप्तानाच्या ऑफिसात जायचं. टेबलावर कागदांचे गठ्ठे: खलाशांची यादी, प्रत्येकाच्या सामानाची यादी, कोठीतल्या शिध्याची यादी. आणि काही याद्या निव्वळ ‘नाही’च्या. शस्त्रं नाहीत, अमली पदार्थ नाहीत. नसलेल्या वस्तूंनाही सही-शिक्का लागतो, हे मला अजून गमतीचं वाटतं. दारू-सिगारेटची खोली कस्टमवाले सील करतात. मध्येच एखाद्या खलाशाची दाढ सुजलेली निघते. मग त्याचा किनाऱ्यावर उतरायचा पास, गाडी, दातांचा डॉक्टर, सगळं एजंटनेच बघायचं.

पण कागद कितीही चोख असले तरी पाणी आपल्या मर्जीनं चालतं. मुंबईच्या खाडीत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पाण्यात खोल बसणारं जहाज भरती साधूनच आत आणावं लागतं. भरती हुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा, आणि भाड्याच्या जहाजाचे रोजचे हजारो डॉलर चालूच. पायलट बंदराचा असतो. चालत्या जहाजाला लटकलेल्या दोराच्या शिडीनं तो वर चढतो. कप्तानाचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलेलं असलं तरी इथला गाळ त्याला ठाऊक नसतो.

पायलट-टगची ही पद्धत साहेबानं आणली असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या गावाचा जुना इतिहास वेगळं सांगतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथातलं टगर म्हणजे तेर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं जाडंभरडं आणि तलम कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. त्याच ग्रंथात भडोचच्या खाडीचंही वर्णन आहे. उथळ वाळू, जोराची भरती. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जायचे, परदेशी जहाजं गाठायचे आणि ओढत आत आणायचे. भरतीला चालायचं, ओहोटीला नांगर टाकून थांबायचं. म्हणजे पायलट आणि टग, दोन्ही कामं तेच करायचे.

परवान्याची कटकटही तेव्हाचीच. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं हाच ग्रंथ सांगतो. हे कल्याण आमच्या बंदरापासून फार लांब नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू मांडल्या आहेत. शाळेच्या सहली तुळजापूरला जातात, तशा तिथेही न्याव्यात.

आजच्या बंदरातून जहाज सोडतानाही कस्टमचा लेखी परवाना लागतो. तो मिळाला की पुन्हा पायलट, पुन्हा टग. त्यानंतर पावत्यांसह अंतिम हिशेब मालकाकडे जातो.

आपल्याकडच्या बी.कॉम. झालेल्या मुलामुलींनी या धंद्याकडे जरूर बघावं. एजंटांची ऑफिसं बॅलार्ड इस्टेट आणि नवी मुंबईत आहेत. समुद्र पाहिलेला नसला तरी चालतं. कामापुरतं इंग्रजी, हिशेबाची सवय आणि रात्री दोनला फोन उचलायची तयारी मात्र हवी.