जॅकेट आधी उलटं करून बघा

"आई, ही विजार म्हणजे बाबांचा लेंगा झालाय नुसता! मी नाही घालणार."

गुलमर्गला जायच्या आधी आमच्या घरात महिनाभर कपड्यांवरून जी वादावादी चालली होती, ती या वाक्यावर संपली. लेक वीस वर्षांची. मैत्रिणींनी तिच्या डोक्यात स्नोबोर्डिंगचं खूळ भरवलेलं. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात, इथे एकच रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय बांधायचे, अंग आडवं ठेवायचं आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. "जाऊ दे तिला, पण तू सोबत जा," असं हे म्हणाले, म्हणून मीही निघाले.

ती लेंग्यासारखी विजार आमच्या जाऊबाईंच्या मुलाची. तो हिमालयात भटकणारा. त्याने विजार आणि मोहरीच्या रंगाचं एक ढगळ जॅकेट आपण होऊन आणून दिलं होतं. लेकीने नाक मुरडलं. आणि खरं सांगायचं तर मैत्रिणींनो, मीही तिचीच बाजू घेतली. "एवढा खर्च करून जायचं, फोटो काढायचे, मग जरा बरं दिसायला नको का?" हे शब्द माझे, तिचे नव्हेत. मग साडेचार हजार रुपये मोजून मोतिया रंगाचं, कमरेत बसणारं, टोपीला फरची झालर आणि सोनेरी चेन असलेलं जॅकेट घेतलं. त्यावर बर्फाच्या चांदणीचं चित्र होतं, तेव्हा ते बर्फातलंच असणार अशी माझी समजूत! खाली तिची नेहमीची जीन्स, आत सुती बनियन, हातात मी हौसेने विणलेले लोकरी मोजे. आरशात मुलगी इतकी गोड दिसत होती म्हणून सांगू!

पहिल्याच सकाळी सगळी हौस फिटली.

मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते असं, की स्नोबोर्ड शिकणारी व्यक्ती उभी कमी आणि बसलेली जास्त असते. दोन्ही पाय एका फळीला जखडलेले, त्यामुळे पाऊल टाकता येत नाही. पट्टे आवळायचे तर बर्फात बसा, दम खायचा तर बसा, पडलात तर गुडघ्यांवर या. तासाभरात जीन्स भिजून चिंब झाली आणि मग कडक झाली, अगदी खळ घातलेल्या धोतरासारखी. जॅकेट आखूड, त्यामुळे प्रत्येक पडण्याबरोबर ते वर सरकायचं आणि पाठीमागून कमरेत बर्फ शिरायचा. माझ्या विणलेल्या मोज्यांना बर्फाचे लाडू चिकटले होते. मी खाली उभी राहून फोटो काढत होते. लेक पायाचा पट्टा सोडवायला वाकली आणि तिला तो सुटेना. बोटंच चालेनात. जवळ गेले तर ओठ निळे, दातांवर दात आपटताहेत, आणि ती म्हणतेय, "आई, काही नाही गं, ठीक आहे." ते शब्दसुद्धा जड जिभेने.

तिला शिकवणारे काश्मिरी गृहस्थ धावत आले आणि तिला चहाच्या दुकानात बुखारीजवळ घेऊन गेले. ओले कपडे काढायला लावले, कोरडी घोंगडी दिली, गोड कहवा पाजला. त्यांनी मला पुढे समजावलं ते असं: हुडहुडी भरणं, मग बोटांनी साधं काम न जमणं, मग जीभ अडखळणं ही शरीराची ऊब घसरत चालल्याची पायरीपायरीची लक्षणं. त्यात माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही. हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. म्हणजे कपडा ओला झाला की तो कपडा राहत नाही, उलट शत्रू होतो. माझी मुलगी अर्ध्या तासात सावरली. पण अजूनही ते ओठ आठवले की माझ्या पोटात गोळा येतो.

ती शेकत बसली असताना त्या गृहस्थांनी आमचं मोतिया जॅकेट घेतलं, झटकलं आणि सरळ उलटं केलं. शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बहनजी, ये शादी में पहनिए."

मला इतकी लाज वाटली! अहो, साडी घेताना पदर उलटा करून धागे बघणारी मी. ब्लाऊज शिवून आला की आधी आतली शिलाई तपासते. आणि इथे फरच्या झालरीला भुलले.

तर उलट्या बाजूला काय बघायचं? पहिलं म्हणजे शिवण. शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांगच. चांगल्या जॅकेटच्या आत प्रत्येक शिवणीवर एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, पाणी झिरपू नये म्हणून. स्वस्तात ती फक्त खांद्यावर असते, आमच्यात कुठेच नव्हती. दुसरं, कमरेपाशी आतून इलॅस्टिकची एक झालर असते, बटणांनी आवळायची. पडलं की वर शिरणारा बर्फ ती अडवते. विजारीच्या पायांनाही अशीच आतली झालर असते, ती बुटावरून ओढून घ्यायची. तिसरा म्हणजे लेबलवरचा आकडा. १०,००० मिलिमीटर असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, त्या कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत ते पाझरत नाही. एवढं पाणी कुठून येणार, असं मीही विचारलं. पण भुरभुर पडणारा बर्फ वेगळा आणि आपण आपलं सगळं वजन घेऊन त्यावर बसणं वेगळं. म्हणून विजारीचा आकडा जॅकेटपेक्षा कमी असता कामा नये, आणि बैठकीला नि गुडघ्यांना दुहेरी कापड हवं. लेबलवर दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. घामाची वाफ किती बाहेर जाते त्याचा तो. तो फारच कमी असेल तर रेनकोटसारखं आतून भिजायला होतं.

पाणी आत नाही पण वाफ बाहेर, ही किमया एका अतिशय पातळ पडद्याची असते. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान आणि वाफेच्या कणाहून मोठी. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना तो साधला आणि १९७०च्या दशकात त्याची जॅकेटं बाजारात आली.

आता तो लेंगा. मला वाटायचं, ढगळपणा ही या पोरांची फॅशन. तशी ती आहेही. हा खेळच मुळी घरगुती उचापतीतून निघाला. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून फळी केली आणि त्यांच्या पत्नीने तिचं 'स्नर्फर' असं बारसं केलं. पुढे समुद्राच्या लाटांवर आणि रस्त्यावर फळ्या चालवणारी मुलं या खेळात आली, ती आपले ढगळ कपडे घेऊनच. स्कीवाल्यांच्या तंग पोशाखांना वाकुल्या दाखवायला म्हणा हवं तर. पण त्या ढगळपणाला काम आहे. गुडघे वाकवून बसता येतं, आत लोकरीचा थर मावतो, आणि कापडाच्या नि अंगाच्या मध्ये कोंडलेली हवाच ऊब धरते. लांब जॅकेट बसताना खाली बैठकीसारखं येतं.

दिसण्याची हौस वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा स्नोबोर्ड संघ चौकड्यांची जॅकेटं आणि चक्क फाटक्या, विटक्या जीन्स घालून उतरला. लोक बघत राहिले. पण ती जीन्स नव्हतीच! पाणी न शिरणाऱ्या गोर-टेक्स कापडावर जीन्सचं चित्र छापलं होतं. त्याच विजारी घालून हॅना टीटर आणि केली क्लार्क यांनी महिलांच्या हाफपाइपमध्ये रुपेरी आणि ब्राँझ पदकं घेतली. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. बाहेरून बर्फाचं जॅकेट आणि आतून नुसतं अस्तर.

बायकांच्या कपड्यांत ही गफलत जास्त होते, असं माझं मत झालंय. पुरुषांचंच जॅकेट घ्यायचं, दोन बोटं आखूड करायचं, कमरेत चिमटायचं, गुलाबी रंगवायचं, खिसे लहान करायचे, की झालं बायकांचं! म्हणून दुकानात जॅकेट घालून सरळ उभ्या राहू नका. हात वर करा, उकिडव्या बसा, पुढे वाका. पाठ उघडी पडली तर ठेवून द्या. खांद्यावर पट्ट्यांची, छातीपर्यंत येणारी विजार सगळ्यांत उबदार, कारण कमरेत फट राहतच नाही. पण मागे उघडणारी चेन आहे का ते आधी बघा. बर्फात, पाच थर घालून, न्हाणीघरात काय तारांबळ होते ते मी सांगायला नकोच.

आतल्या कपड्यांत सुती नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुती कपडा घाम धरून ठेवतो म्हणूनच थंड वाटतो. नेमका तोच गुण बर्फात घात करतो. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, वर फ्लीस, सगळ्यांत वर जॅकेट. पायमोज्यांची एकच लांब लोकरी जोडी. दोन चढवल्या की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. हातात वरून पाणी न शिरणारे मोजे, आणि आत मनगटाला आधार देणारी पट्टी जरूर. शिकाऊ मंडळी पडताना हात टेकतात आणि या खेळात मनगटच सगळ्यांत जास्त मोडतं. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल. लोंबता स्कार्फ नको, तो ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकतो.

रंगाचं सांगायचं राहिलं. मोतिया आणि पांढरा बर्फावर फार शोभतात. पण गुलमर्गला दुपारी ढग खाली उतरले तेव्हा त्या पांढऱ्यात पांढरं काहीच दिसेना. तेव्हा लेकीच्या अंगावर भाड्याने घेतलेलं भडक नारिंगी जॅकेट होतं, गुडघ्यांवर ठिगळं लावलेली ढगळ विजार होती, आणि मला उतारावर ती लांबूनही ओळखू येत होती. संध्याकाळपर्यंत ती आतून कोरडी ठणठणीत. तिने ते कपडे आठवडाभर अंगावेगळे केले नाहीत. चार दिवसांसाठी जाणार असाल तर विकत घेण्याच्या फंदात पडूच नका. भाड्याने घ्या, पण तिथेही उलटं करून बघा.

घरी असे कपडे असतील तर धुताना चेन लावून, सौम्य पातळ साबणाने धुवा आणि दोनदा खळबळून काढा. कपडे मऊ करणारं औषध मुळीच घालू नका, त्याने पाणी ओघळून जाण्याचा गुण मरतो. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वर पंचा ठेवून कोमट इस्त्री फिरवा, तो गुण थोडा परत येतो. पूर्वी या लेपात फ्लोरिनयुक्त रसायनं सर्रास असत. ती मातीपाण्यात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून कंपन्या ती सोडत चालल्या आहेत. नवे लेप तेलकटपणाने लवकर हार खातात, तेव्हा 'वापरलं की मळतं, धुतलं की बिघडतं' ही जुनी भीती सोडा आणि वेळेवर धुवा.

मोतिया जॅकेट सध्या लेक नाशिकच्या थंडीत पहाटे क्लासला जाताना घालते. फारच छान दिसते त्यात. जाऊबाईंकडे मात्र मीच गेले आणि तो लेंगा मागून आणला. जानेवारीत तिला पुन्हा जायचंय.