फवारणी करणाऱ्या मजुराची काळजी

सातपुड्याच्या पायथ्याकडील संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या शिवारात, श्रावण-भाद्रपदात कपाशी वाढीला लागली की पाठीवर पंप घेतलेली माणसे ठिकठिकाणी दिसू लागतात. कारखान्यातील कामगाराच्या आरोग्याची काळजी घ्यावी, हे सर्वांना पटते. शेत हेही कामाचेच ठिकाण आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

तिचे मोल २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने दिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पीक पुष्कळ ठिकाणी माणसाच्या उंचीएवढे झाले होते. अशा पिकात नळी वर धरावी लागते आणि औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर व छातीवर पडतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांची विक्री पाच जिल्ह्यांत साठ दिवस बंद केली. त्यांत बुलढाणा जिल्हाही होता.

औषध पोटात गेले तरच बाधते, हा समज घातक आहे. पुष्कळशी कीटकनाशके कातडीवाटेही शरीरात शिरतात; घामाने भिजलेल्या कपड्यांतून तर अधिकच. म्हणून नाकाला रुमाल बांधला म्हणजे सर्व झाले, असे मानू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि बूट ही साधने मालकाने मजुराला पुरवावीत. मजुराने ती स्वतः आणावीत, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. औषध कालवण्याचे वा पंपात पाणी भरण्याचे काम स्त्रियांकडे असल्यास त्यांनाही हातमोजे हवेत. पातळ नसलेले, मूळचे औषध त्याच वेळी अंगावर उडते.

जेथे मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरते, तेथे मजूर घाई करतो, विश्रांती टाळतो आणि भर उन्हातही थांबत नाही. त्यापेक्षा रोजाने मजुरी देणे बरे. फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वारा मंद असताना करावी व वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नये. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. मध्येच विडी-तंबाखूला हात लावू नये.

हा भाग खारपाणपट्ट्याचा असल्यामुळे विहिरीच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. ही अडचण लहान वाटते, पण तिच्यामुळेच हात-पाय धुणे टळते. तेव्हा बांधावर गोड्या पाण्याचा एक पिंप आणि साबण ठेवावा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. डोके दुखणे, भोवळ, अतिशय घाम, तोंडाला पाणी सुटणे, ओकारी, बुबुळातील बाहुली बारीक होणे ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रोग्यास विनाविलंब सरकारी रुग्णालयात न्यावे. तूप-दूध पाजण्यात वेळ दवडू नये. औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक मात्र सोबत न्यावे; कोणते विष आहे हे कळल्यावर डॉक्टरांना योग्य उतारा लवकर देता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रुग्णालयाचा व रुग्णवाहिकेचा दूरध्वनी क्रमांक फवारणीपूर्वीच प्रत्येक मजुराच्या घरी पोचवावा.