गुरुजी रिटर्न्स!

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ हा टोमणा पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येक परभणीकरानं ऐकलेला असतो. पण गावाकडे एका माणसाची मात्र हमखास ‘बनलेली’ असते. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी! अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ, शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षभर नो टेन्शन. कापूस बुडो, सोयाबीन बुडो, पेन्शन काही बुडत नाही.

याच गुरुजींना सरकारनं पुन्हा शाळेत बोलावलं. ७ जुलै २०२३ चं परिपत्रक होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्या, वय ७० पर्यंत चालेल, महिना २० हजार मानधन. पवित्र पोर्टलमधून कायमचे शिक्षक येईपर्यंतची ही सोय. पेन्शन? ती चालूच.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. त्याच वर्षी जानेवारीपासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन वाढून किती झालं होतं? १६ हजार! म्हणजे डी.एड., मग टीईटी, मग ‘टेट’ अशा उड्या मारत आलेल्या पोराला पहिली तीन वर्षं सोळा आणि पेन्शनर गुरुजींना वीस. आपल्या ऑफिसात रिटायर झालेल्या साहेबांना नव्या ट्रेनीपेक्षा चार हजार जास्त देऊन परत बसवलं असतं, तर कँटीनमध्ये काय काय ऐकायला मिळालं असतं!

राज्यभरातली डी.एड.-बी.एड. झालेली मुलं भडकली ती यामुळेच. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) असं पोर कधी गुरुजींच्याच घरात असतं. बाप शाळेत परत जाणार, पोरगा परीक्षेच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसणार. रात्री एका ताटाशी बसून दोघं काय बोलत असतील?

मला विचाराल तर गुरुजींवर राग काढण्यात अर्थ नाही. पेन्शन झालेल्या नोकरीची, मानधन आजच्या कामाचं. शिवाय जिंतूर किंवा पालमकडच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी झाली, की उरलेल्या एकाच माणसानं सगळे वर्ग सांभाळायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचा, वर ऑनलाइन माहिती भरायची. तिथे गावातलेच गुरुजी आले तर त्यांना ट्रेनिंग लागत नाही. कुठल्या घरचं पोर दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला जाणार, हे त्यांना तोंडपाठ असतं.

प्रश्न जागा रिकाम्या राहिल्या कशा, हा आहे. मे २०१२ मध्ये सरकारनं शिक्षकभरती थांबवली. पवित्र पोर्टल आलं २०१७ मध्ये, आणि पुढची भरतीही रखडतच गेली. गुरुजी मात्र दरवर्षी वेळेवर रिटायर होत राहिले. मग त्यांनाच कंत्राटावर आणलं. इन्क्रिमेंट नाही, नवी पेन्शन नाही. सरकारला स्वस्तात पडलं!

५ सप्टेंबर २०२४ ला, चक्क शिक्षकदिनी, दुसरा प्रयोग झाला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक निवृत्तांतून, मानधन १५ हजार. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात बेरोजगार उमेदवारांसाठी वेगळा निर्णय निघाला, तोही कंत्राटीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही रद्द.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २००५. त्या दिवसापासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. २०२३ मध्ये बोलावलेल्या गुरुजींना ‘नको, आता शेती बघतो’ म्हणायची सोय तरी होती. नंतर लागलेले गुरुजी-बाई रिटायर होतील, तेव्हा त्यांना बोलावण्याची वाट बघावी लागेल की काय?