पिंपळगाव ते पोस्ता: कांद्याच्या ट्रकबद्दल आपण काय चुकीचं समजतो

पिंपळगाव बसवंतहून कोलकात्याच्या पोस्ता बाजाराकडे निघालेला कांद्याचा ट्रक धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा साधारण १,८०० किलोमीटर जातो. वाटेत छत्तीसगड, ओडिशा आणि झारखंडचं एक टोक लागतं. या गाड्यांबद्दल घरोघरी जी मतं ऐकू येतात, त्यांतली काही जुनी झाली आहेत आणि काही कधीच खरी नव्हती.

दर राज्याच्या हद्दीवर कर भरायला रांग लागते, हा समज जुना झालेल्यांपैकी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. आता ५० हजार रुपयांवरच्या मालासोबत ई-वे बिल असतं. २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे, म्हणजे एवढ्या अंतराला नऊ दिवस. ताज्या कांद्यावर तर जीएसटीच नाही, त्यामुळे त्याला ई-वे बिलही लागत नाही. नॅशनल परमिटसाठी वर्षाला १६,५०० रुपये एकरकमी भरले की राज्यागणिक वेगळं परमिट काढावं लागत नाही. हद्दीजवळ आजही गाड्या अडवतात, पण ती वजनाची आणि गाडीच्या कागदांची तपासणी असते.

दुसरा समज वजनाचा. दहा टायरची गाडी २८.५ टनांची म्हणजे तिच्यात तेवढा माल भरता येतो, असं अनेकांना वाटतं. २०१८ मध्ये २५ टनांवरून वाढवलेली ही मर्यादा गाडीसकट आहे. रिकाम्या गाडीचंच वजन नऊ-दहा टन असतं, म्हणजे मालाला उरतात अठरा-एकोणीस टन. त्याहून जास्त भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. कायदा चालवणाऱ्याइतकंच ‘चालवू देणाऱ्या’लाही जबाबदार धरतो. तरी रस्त्यात पोलिसांसमोर उभा राहतो तो ड्रायव्हर. किती गोण्या चढवायच्या हे ठरताना त्याला कुणी विचारलेलं नसतं, हे विसरून आपण ओव्हरलोडचा दोष त्याच्या लोभावर ढकलतो.

सगळ्यांत अन्यायकारक समज मात्र वेळेबद्दलचा आहे. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर ढाब्यावर झोपला असणार, आणि वेगात दिसली की तो बेफिकीर असणार! १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास काम सांगितलं होतं, लांब पल्ल्यासाठी फार तर १०, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. भरलेल्या गाडीचा घाट, गावं, टोल धरून सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानला, तर दहा तासांत ४०० किलोमीटर होतात. कोलकाता साडेचार दिवसांवर येतं. व्यापाऱ्याला माल त्याआधी हवा असतो. ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटतो, आणि भाव रोज हलतो. मधल्या तासांची भरपाई ड्रायव्हरच्या झोपेतून होते. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असण्याची अट होती, तीही २०१८ मध्ये शिथिल झाली. शिवाय १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. ज्याला संरक्षण सर्वांत जास्त हवं, तोच त्या कायद्याबाहेर राहिला.

रस्त्यावर न चाललेले तासही मोजायला हवेत. कांदा निवडून गोण्या भरेपर्यंत गाडी शेडपाशी उभी असते. कोलकात्यात मोठ्या गाड्यांना दिवसा शिरता येत नाही, म्हणून शहराबाहेर थांबून रात्रीची वाट पाहायची. मग बाजारात हमाल मिळेपर्यंत पुन्हा थांबायचं. यातला एकही तास ड्रायव्हरच्या हातात नसतो, आणि माझ्या मते रस्त्यावरच्या घाईचं मूळ या थांबण्यात आहे. चाकं थांबली असताना गेलेला वेळ चाकं फिरवूनच भरून काढायला सांगितलं जातं.

भाड्याचा आकडा ऐकून मालक गब्बर असेल असंही वाटतं. भरलेली गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते. १,८०० किलोमीटरला ४५० लिटर डिझेल, म्हणजे लिटरला ९० रुपये धरले तरी ४०,५०० रुपये. त्यावर टोल, ड्रायव्हरचा भत्ता, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), टायरची झीज, विमा आणि बँकेचा हप्ता. गाडी तिकडून रिकामी आली तर हिशेब तोट्यात जातो. म्हणून परतीचं भाडं मिळेपर्यंत ती तिथेच उभी राहते. कधी बारदान मिळतं, कधी रायपूर-भिलाईकडचं लोखंड. निघताना हाती येतो तो ॲडव्हान्स, आणि तो बहुतेक डिझेलमध्येच जातो. उरलेलं भाडं माल खाली होऊन सही-शिक्क्याची पोच ट्रान्सपोर्टवाल्याकडे परत आल्यावर मिळतं. त्यातही गोण्या कमी भरल्या किंवा कांदा भिजला असं बिल्टीवर (मालासोबतच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहिलं गेलं, की तेवढी रक्कम आधी कापली जाते.