लाल ठिपक्याला शेपूट फुटले तेव्हा

"साकु मामा, साकु!" जावई म्हणाले, तेव्हा मी स्क्रूवर आणखी पाव फेरा देण्याच्या बेतात होतो. माणूस धारवाडचा, रागावले तरी आवाज चढत नाही. थोरलीने हे लग्न ठरवले तेव्हा आमच्या घरी कन्नड-मराठी असा प्रश्न निघाला नाही. बेळगावात आमच्या गल्लीत चुलीपुढे दोन्ही भाषा चालत आल्या आहेत. पण सासरा-जावयात जे एक सभ्य अंतर असते, ते अकरा वर्षांत तसेच राहिले होते. त्यातले थोडेफार कमी झाले ते एका पिस्तुलामुळे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्यातले पुष्कळ आईवडील मुलांकडे तिकडे जातात. मी तिथे ग्रीन कार्डावर राहतो. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांनी हौसेखातरही बंदुकीला हात लावू नये. तशा पाहुण्यांना शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो. शिकारीचा परवाना असला तर, असे काही अपवाद आहेत. पण त्या भानगडीत न पडलेले बरे.

जावई तिथल्या क्लबात बुल्स-आय नावाची जुनी नेमबाजी करतात. पिस्तूल एकाच हातात धरायचे. सावकाश झाडायच्या गोळ्या ५० यार्डांवर, जलद २५ यार्डांवर. याच राज्यात एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ साली तिथे त्यांचे राष्ट्रीय सामने पहिल्यांदा भरले. मी कॉलेजात असताना एन.सी.सी.त .२२ रायफल चालवली होती, त्या भांडवलावर मीही क्लबात जाऊ लागलो. पिस्तूल रूगर मार्क फोर, तेही .२२ चेच. या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. धक्का कमी, खर्च कमी.

पहिल्याच दिवशी कळले की हात ठीक आहे, डोळा नाही. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि कागदावरचे काळे वर्तुळ, या तीन वस्तू तीन अंतरांवर. साठीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते. माशी स्पष्ट दिसावी असा चष्मा घातला तर वर्तुळ ढगात जाते. यावर उपाय म्हणजे लाल ठिपक्याची काच. आतला छोटा दिवा काचेवर असा परावर्तित होतो, की ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर आहे असे डोळ्याला वाटते. लक्ष्याकडे बघायचे, ठिपका त्यावर ठेवायचा, बस्स. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र हे पिस्तुलावर चालत नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण घेतले ते उघड्या खाच-माशीवरच. ही सोय आमच्यासारख्यांची.

तर ती काच बसवायची होती. काडतुसे घरातल्या कुलपात, मॅगझिन काढलेले, नळी रिकामी आहे हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलेले. जावयांचा हा नेम कधी चुकत नाही. या पिस्तुलाची एक गोष्ट मला कारागीर म्हणून आवडली. बहुतेक पिस्तुलांचा वरचा भाग गोळी सुटताना मागे-पुढे धावतो. यात नळी आणि वरची चौकट जोडलेली राहते व फक्त आतला बोल्ट हलतो. म्हणजे वर बसवलेली काच जागची हलत नाही. चौकटीवर आटे पाडलेली भोके असतात. त्यांवर पट्टी, आणि पट्टीच्या खाचेत काच.

उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये अडतीस वर्षे काढलेला माणूस मी. पट्टीचे स्क्रू मी एकट्यानेच, जावई ऑफिसला गेलेले असताना, हाताच्या अंदाजाने बसवून टाकले. संध्याकाळी काच बसवताना त्यांनी टॉर्क पाना काढला. कागदावर १५ इंच-पौंड लिहिले होते. मी हसून ॲलन कीच चालवली. तेव्हाचे ते "साकु".

नेम जुळवायला आधी १० यार्डांवर बसलो, मनगटाखाली वाळूची पिशवी. काचेवरच्या स्क्रूची एक टिकटिक तिथे गोळी पावणेतीन मिलिमीटर सरकवते, २५ यार्डांवर साडेसहा. एका गोळीवर विश्वास ठेवून स्क्रू फिरवायचा नाही. पाच झाडायच्या, त्यांच्या घोळक्याचा मध्य बघायचा. २५ यार्डांवर आमचा मध्य चार सेंटिमीटर खाली आणि दोन उजवीकडे होता. सहा टिकटिकी वर, तीन डावीकडे. पुढच्या पाच गोळ्या काळ्याच्या मधोमध. मी जावयांकडे जरा तोऱ्यातच पाहिले.

साठ-सत्तर गोळ्यांनंतर घोळका पसरू लागला. वर, मग डावीकडे, मग कुठेही. मी काडतुसांना दोष दिला. तो अगदीच खोटा नव्हता; .२२ ला कंपनी बदलली की नेम थोडा बदलतोच. जावयांनी दुसरे खोके आणले. मी टिकटिकी पुढे-मागे करीत राहिलो. दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी पिस्तूल रिकामे केले, अंगठ्याने काच बाजूला दाबली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरले. काच घट्ट होती, खालची पट्टी हलत होती.

नव्या पिस्तुलाच्या आट्यांत कारखान्याचे तेल असते. ते स्पिरिटने पुसून, निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लावून स्क्रू बसवायचे, हे मी उद्यमबागेत पोरांना शिकवीत असे. घरी मात्र विसरलो. "चूक माझी," मी म्हणालो. एवढे दोन शब्द त्यांच्यापुढे मी पहिल्यांदाच उच्चारले असतील. त्यांनी फक्त टॉर्क पाना पुढे केला. पट्टी धुऊन बसवली, काच खाचेत पुढे रेटून मग आवळली, चोवीस तास हात लावला नाही.

घोळका परत लहान झाला, पण ठिपका मला गोल दिसेना. खाली उजवीकडे त्याला स्वल्पविरामासारखे शेपूट. मी म्हणालो, काच सदोष आहे, परत पाठवा. मुलगी तिथेच उभी होती. तिने रिकाम्या पिस्तुलावरच्या काचेतून मोबाइलने फोटो काढला. ठिपका वाटाण्यासारखा गोल. मग जावयांनी पिस्तूल हळूहळू आडवे केले. दोष काचेचा असता तर शेपूट तिच्याबरोबर फिरले असते. ते होते तिथेच राहिले.

मुलगी म्हणाली, "बाबा, रात्री गाडीचे दिवे कसे दिसतात?"

हे मी वर्षभर लपवले होते. समोरच्या गाड्यांचे दिवे काटेरी होऊन फुटत. हिवाळ्यात तिकडे पाचलाच अंधार पडतो, आणि नातवाला पोहण्याच्या वर्गाहून मीच आणत असे. म्हटले, सांगितले तर किल्ली काढून घेतील, मग घरात माझे काम काय उरले?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की उजव्या बुबुळाचा गोलाईतला दोष जुनाच आहे, पण मोतीबिंदूही चांगला धरला आहे. किल्ली त्याच दिवशी गेली. मुलगी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पोराला मागे बसवून मी गाडी चालवीत होतो, हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिची समजूत जावयांनी घातली, कन्नडमध्ये, दार लावून; भिंतीपलीकडून मला निम्मे कळले.

ऑपरेशन मार्चमध्ये झाले. क्लबात परत गेलो तो मे उजाडला. शेपूट बरेचसे गेले होते आणि त्यामुळेच नेम दोन टिकटिकी सरकला होता. इतके दिवस मी त्या शेपटीसकट ठिपक्याचा मध्य धरीत होतो. दोन टिकटिकी मी डावीकडे घेतल्या. घरी आल्यावर, काडतुसांच्या शिशासाठी, दोघांनीही कोपरापर्यंत साबणाने हात धुतले; त्याशिवाय मुलगी नातवाला जवळ येऊ देत नाही. येताना गाडी जावयांनी चालवली.