ट्रॅक डेला जाताय? रिमॅप नंतर, आधी ब्रेक ऑइल बदला

ट्रॅकवर किंचाळत वळणाऱ्या स्विफ्ट-पोलोची रील्स बघून "आपली गाडीपण घालूया की एकदा" असं बऱ्याच जणांना वाटतं. ते जमण्यासारखंही आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. फी भरायची, हेल्मेट घालायचं, ठरलेल्या वेळात आपली गाडी पळवायची आणि ओव्हरटेक फक्त सांगितलेल्या जागीच करायचा.

आता मॉडिफिकेशन. सगळ्यांचा पहिला खर्च रिमॅप आणि एक्झॉस्टवर होतो. माझाही तिथेच झाला. तिसऱ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला, तर पेडल स्पंजासारखं खाली गेलं! दोन-तीनदा पंप केल्यावर गाडी थांबली, पण डांबर सोडून मातीत.

असं का होतं? हिशोब करून बघा. साधारण 1000 किलोची गाडी 120 वरून 60 च्या स्पीडला आणायची, तर जवळपास 4 लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनून जाते. तेवढ्यात सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल. हे एकाच ब्रेकिंगला, आणि असं प्रत्येक लॅपमध्ये अनेकदा. ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नवीन डॉट 4 ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा धरल्यावर हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचतच नाही.

म्हणून जायच्या आधी ताजं ऑइल (डॉट 5.1 मिळालं तर आणखी बरं) आणि जास्त तापमान सहन करणारे पॅड टाका. टर्बोच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. त्यानंतर टायर. स्विफ्ट आणि पोलो दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढायचं, वळवायचं आणि बरंचसं थांबवायचं काम पुढच्या दोन टायरवरच. ते दमले की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळूच कमी करा. झटकन पाय काढलात तर मागची बाजू फिरू शकते.

आता आपल्या आवडीचा भाग: लॅप टाइम. रेसक्रोनोसारखं अ‍ॅप फोनवर चालतं. पण बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो, आणि 120 च्या स्पीडला एका सेकंदात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. मधलं अंतर अ‍ॅप अंदाजाने भरतं. त्यामुळे "मी दोन दशांश सेकंदांनी फास्ट झालो" यावर फार उडू नका. ब्लूटूथने जोडायचा 10 हर्ट्झचा वेगळा रिसीव्हर घेतला, तर हेच अंतर साधारण 3.3 मीटरवर येतं. मग दोन लॅपचे ग्राफ एकमेकांवर ठेवून कुठे उगाच लवकर ब्रेक मारला ते नीट दिसतं. फोन काचेवर उन्हात लावलात तर तापून बंद पडेल, आणि स्टँड सैल असेल तर पहिल्याच वळणात उडेल.

इन्शुरन्सचा कागदही वाचा. नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ठोकली तर खर्च तुमचा, आणि पुण्याला परत यायला हजार किलोमीटरहून जास्त रस्ता बाकी!

सेशन संपताना शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारा, म्हणजे हवेने सगळं थंड होतं. पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. टायर तापले की हवा चार-पाच पीएसआय वाढते, म्हणून ट्रॅकवर ती थोडी काढावी लागते. हायवेला लागण्याआधी टायर गार होऊ द्या, हवा परत कंपनीच्या आकड्यावर आणा आणि चाकांचे नट एकदा पान्याने आवळून बघा.